हिरवी वही

मगदूमबाईंनी मला कामावर घेतलं
ते माझ्या कानांमुळे.
मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीत वाढलेला मी,
बी.एस्सी.ला जेमतेम पास.
मुलाखतीला गेलो तर बाई फ्रीजसमोर उभ्या.
म्हणाल्या, शिकलगार, हा आवाज ऐका.
मी म्हटलं, मोटर उतरलीय, सुरात नाही.
बाईंनी दार उघडून काचेची नळी बघितली.
नऊ अंश. पाहिजेत चार.
सोमवारपासून या, म्हणाल्या.

मग एकतीस वर्षं
पांढरी फरशी, रक्ताचे थेंब,
काडीनं ढवळायचं आणि दोन मिनिटं
कुणी बोलायचं नाही.
गुठळी धरते का, बघायचं.

माझ्या आधीची गोष्ट, जतची एक बाळंतीण.
कागदावर ओ. ओची बाटली लावली
आणि ऐन मे महिन्यात तिला थंडी भरली.
लघवी काळ्या चहासारखी.
सकाळी ती नव्हती.
बाईंनी तिची उरलेली नळी ठेवून घेतली,
सहा महिने त्या नळीशी भांडल्या.
तेव्हा हाती आलं:
ओच्याही खाली एक पायरी असते,
तिथल्या माणसाला ओसुद्धा परका.
त्या गटाला नाव मुंबईचं
आणि माणसं बाईंना सापडायची
जतला, पाटणला, शिराळ्याच्या डोंगरात.

म्हणून एसटीनं हिंडणं.
मांडीवर थर्मास, त्यात मासळीबाजारातला बर्फ.
शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बोटं पुढे करा.
एका म्हाताऱ्यानं विचारलं,
बाई, रक्तात जात बघताय व्हय?
बाई म्हणाल्या, तेवढी सोडून सगळं बघतो. बसा.

अशी सव्वीस नावं झाली हिरव्या वहीत.
पत्त्यापुढे शेजाऱ्याचा फोन,
शेजाऱ्याशी बोलणं नसेल तर तेही.
लेंगऱ्याचे पोपट निकम, गलाईवाले,
सोनं आटवायचं दुकान कोइमतूरला.
तार केली, तिसऱ्या दिवशी मिरज स्टेशनात उतरले.
हातांवर ॲसिडचे डाग.
बाटली भरेपर्यंत एकच बोलले:
आमच्या मुशीत खोट वर येते, तुमच्याकडं?
बाईंनी उत्तर दिलं नाही.
मला म्हणाल्या, चहात साखर जास्त घाला.

पुढे मूत्रपिंडं जुळवायचं काम आलं.
पलूसचे नवराबायको. नवरा द्यायला तयार,
गट एकच, दोघं नवे कपडे घालून आलेली.
मी तिचा सीरम त्याच्या पांढऱ्या पेशींवर घातला.
सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या मेलेल्या.
बाईंनी खुर्ची ओढली:
तीन बाळंतपणं झाली तुझी.
तिन्ही वेळा पोराच्या अंगानं हा माणूस
तुझ्या रक्तात येऊन गेला.
रक्तानं ओळखून ठेवलंय याला.
आता दार उघडत नाही.
नवरा बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
म्हंजे मला वळखतंय तर.
ती सुजल्या तोंडानं हसली.
बहिणीचं जुळलं. त्यावर अकरा वर्षं जगली.

पुराच्या साली पिशव्या होडीतून काढून
सांगलीहून आमच्याकडे आणल्या.
बाई निवृत्त होत्या तरी आल्या, पावसाळी चपलांत.
फ्रीजपाशी सतरंजी टाकून आळीपाळीनं झोपलो.
जनरेटर दमला की सूर खाली यायचा,
मी उठून बसायचो,
अंधारातून बाई विचारायच्या, किती?
चार, बाई.
झोपा मग.

बाईंचा स्वतःचा गट ओ पॉझिटिव्ह.
गल्लोगल्ली मिळतो.
त्या गेल्या आणि वही माझ्याकडे आली.
नऊ नावांवर रेघ.
पोपट निकमांपुढे त्यांच्या बारीक अक्षरात:
पासष्ट पूर्ण. आता बोलावू नये.
फोन मात्र करावा.

करतो मी, दिवाळीच्या आसपास.
पाऊसपाणी, गुडघे, सोन्याचा भाव.
पलीकडे भट्टीचा भाता चाललेला असतो,
आता धाकटा भाऊ बघतो म्हणे दुकान.
फोन ठेवल्यावर दर वेळी आठवतं,
भावाचं रक्त
आपण कधी तपासलंच नाही.