उतरता रकाना

त्सिमाफेयनं चौकटीच्या कागदावर रेघा मारल्या,
पट्टी न घेता,
म्हणून उरुग्वे जरा उतरता झाला.
उभे रकाने: व्हिसा, घरभाडं, दवाखाना,
भाषा शिकायला किती वर्षं,
आणि शेवटचा, अगदी बारीक अक्षरात:
बोलता येतं का.

आमचे दोन्ही फोन तेव्हा फ्रीजमध्ये होते,
काकडीच्या लोणच्याच्या बरणीला टेकून.
भिंतींना कान असतात हे आता जुनं झालं.
भिंती बिचाऱ्या बहिऱ्या,
कान खिशात घालून आपणच हिंडतो.

पोर्तुगालला दहापैकी आठ.
एस्टोनियाला सात, थंडीचा एक गुण कापून,
जणू ग्रोदनोत आम्ही उन्हात वाळत पडलो होतो.
जॉर्जियाला तो नऊ देणार होता,
मग म्हणाला, उद्याचं कुणी सांगावं,
आणि खोडून सहा केले.
आम्ही देशांची परीक्षा घेत होतो
आणि आमच्याकडे होते
पिठाच्या डब्यात चार हजार युरो.

अगाता सात वर्षांची. तिनं पेन्सिलीनं
एक रकाना वाढवला: कुत्रा.
तो राहू दिला.
मीही एक वाढवला, नाव सुचलं नाही म्हणून कोरा.
मला हवा होता असा देश
जिथे पांढऱ्या-लाल मोज्यांना
लोक नुसते मोजे म्हणतात.
जिथे खालच्या ल्युत्सिनाबाईंनी जिन्यात अडवलं
तर ते साखर मागायलाच असेल.

वरच्या मजल्यावर कझिमिरमामा.
त्याचे कान सूतगिरणीनं चाळिशीतच घेतले,
तेव्हापासून तो ओरडूनच बोलतो.
बटाट्याचा भाव, पोटातला वायू,
टीव्हीवरच्या मंत्र्याविषयीचं मत,
सगळं एकाच पट्टीत, खिडकी उघडी टाकून.
आम्ही धावत जाऊन खिडकी लावायचो.
एकदा त्याला घेऊन गेले,
संध्याकाळी परत आणून सोडलं.
काय? मोठ्यानं बोला! मोठ्यानं!
असं दिवसभर ऐकून
त्या पोराचाच घसा बसला म्हणे.

त्याला सांगायचं कसं?
मी चिठ्ठीवर लिहिलं: मामा, आम्ही कायमचे जातोय.
कुणाला कळता कामा नये.
त्यानं चष्मा शोधला, खिडकीशी उजेडात गेला
आणि वाचली.
खणखणीत. शेवटच्या वाक्यासकट.

दुसऱ्या दिवशी दाराशी साखरेची पुडी.
वर नाव नाही, काही नाही,
पण तो दोरा ल्युत्सिनाबाईंच्या विणकामाचा, निळा.
मी ती साखर चाळून बघितली.
दोनदा. बारीक चाळणीनं.
साखरच होती.
कागदावरच्या कुठल्याच रकान्यात
हे बसवता आलं नाही मला.

मोंटेव्हिडिओत आता तिसरं वर्ष.
कुत्रा आहे, एका डोळ्यानं अधू, अगाताच्या पलंगावर झोपतो.
त्सिमाफेय दुसऱ्यांची सायकल दुरुस्त करतो
आणि सरकारला शिव्या देतो, इथल्या, हौसेनं,
कारण देता येतात.
मंडईत भोपळे विकणारी ओफेलिया
दर शनिवारी कानामागे हात धरून म्हणते,
मोठ्यानं बोल ग बाई, इथे कुणी झोपलेलं नाही.
मी मोठ्यानं बोलते.
मला वाटतं, मोठ्यानं बोलते.

रविवारी मामाचा फोन येतो.
शेजारचा मुलगा लावून देतो,
मामा पडद्याला तोंड चिकटवून
नेमान गोठली, गुडघा सुजला,
आणि ते, जे तिथे कुणी बोलत नाही,
तेही त्याच दमात.
तेरा हजार किलोमीटरवरून
आमच्या स्वयंपाकघरातले पेले किणकिणतात.

आणि मी, इथे, समुद्राकडची खिडकी
उठून लावून घेते,
त्याला ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणते,
मामा,
हळू.