शेरा

तापकीर, बस.
आधी मॅगझिन काढ. स्लाइड मागे ओढ.
चेंबरमध्ये बघ. बघितलंस?
आता करंगळी घालून बघ.
छतावर तो चुन्याचा ठिपका दिसतो, बाकीच्यापेक्षा पांढरा?
तो एका माणसाच्या नुसत्या बघण्याचा आहे.

काल रामटेकडीला वार्षिक सराव झाला.
चव्वेचाळीस पिस्तुलं परत आलीत,
खोलीत अजून जळक्या दारूचा वास आहे.
तुझा चेहरा का पडलाय ते मला ठाऊक आहे.
नळीच्या माथ्यावरचा काळा रंग उडालाय,
खालून पांढरं लोखंड चमकतंय,
आणि तुला वाटतंय सरकारी वस्तू बिघडवली.

अगं, स्लाइड दर वेळी तिथेच येऊन टेकते.
उंबरठा कुठे झिजतो? पाय पडतो तिथेच.
दोन्ही बाजूंना सारखी घासली असेल
तर संसार ठीक चाललाय.
एकाच बाजूला घासली, कड उठली, बोटाला लागली,
तर मला हाक मार.
जरा मोठ्याने मार. डावा कान पंचवीस वर्षं
रेंजवर उभा राहिलेला आहे.

आता ब्रश. पितळी घे, पोलादी नको.
चेंबरकडून घाल, तोंडाकडून नाही,
गोळी जाते त्याच वाटेने.
पूर्ण बाहेर निघू दे, मग मागे ओढ.
अर्ध्यावर फिरवलास की केस मोडतात.
मग चिंधी. पहिली काळी येईल,
दुसरी करडी, तिसरी शेवाळी, तांब्याची.
सातवी पांढरी आली नाही तर आठवी घे.
चिंध्यांचा हिशोब कोणी मागत नाही,
मी मागितला तर सांग ढमढेरेंनीच वापरल्या.

तेल एक थेंब. एकच.
गेल्या डिसेंबरात एका पठ्ठ्याने खोबरेल लावलं.
घरी होतं म्हणे, बायको म्हणाली शुद्ध आहे.
पहाटे पाषाणला नऊ अंश,
साहेबांच्या बंगल्यावर ड्यूटी,
आणि पिस्तुलात तेल गोठलेलं.
स्लाइड निघाली ती अर्ध्यात थांबली,
थंडीत गाय उठते ना, तशी.
नशीब, समोर फक्त दूधवाला होता.

आता उचल नळी, खिडकीकडे धर.
काय दिसतं?
आटे वळत गेलेत, हो. आणि पलीकडे?
मेट्रोचा खांब, वाकडा. एक होर्डिंग, अर्धं.
पंचवीस वर्षांपूर्वी इथून चिंच दिसायची.
नळी तेव्हाचीच आहे.

हिच्यातून माणसावर एकही गोळी गेलेली नाही,
रजिस्टर बघ, फक्त सराव, सराव, सराव.
चामड्यात शिरून-निघूनच
हिचं तोंड एवढं गोरं झालंय.
शेऱ्याच्या रकान्यात लिही, सामान्य झीज.
'सामान्य'चा मा लांब लिही, साहेब बघतात.

परवा ससूनला माझा कान तपासला.
मुलगी होती तुझ्याच वयाची,
कागदावर तिनेही काहीतरी असंच लिहिलं,
मला ऐकू आलं नाही नीट.

जोडलंस? दोनदा स्लाइड मार. हां, हा आवाज.
हा मला अजून येतो.

आता कपड्याने सगळीकडून पूस,
घामाचं मीठ राहतं, गंज तिथूनच धरतो.
बोटांचा एकही ठसा राहता कामा नये.
हसलीस ना? हसतात सगळेच,
पोलिसाला हे शिकवलं की.
खुंटी एकोणतीस. उलटं टांगू नकोस.