उलटी छपाई

कोपरखैरण्याच्या झेरॉक्सवाल्याला मी नुसतं "कलर" म्हणाले.
"मिरर" म्हणायचं राहून गेलं.
पोळ्या टाकून पळत गेले होते, कणीक अजून नखांत.

चित्र तेजलचं. चौथी ब.
बारा पेन्सिलींच्या डबीत पांढरी अख्खी
आणि तपकिरी बोराच्या बीएवढी उरलेली,
कारण बटाट्याची गोण तिनं
सुतळीच्या टाक्यांसकट भरली.
बापाला दोन रेघा, एक मिशी.
वर मार्केटचा बल्ब, आणि खाली ठसठशीत
"माझे बाबा".

मी बजावलं होतं, पिवळा दाबून लाव.
फिकट पिवळा मशीनला दिसत नाही.
बल्ब येईल, उजेड येणार नाही.

मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढलेली.
इस्त्रीत पाणी ठेवायचं नाही, वाफ लागली की रंग फुगतो.
मऊ चादरीवर जमत नाही,
म्हणून डबे हलवून कडाप्प्याचा ओटा मोकळा केला,
कागद पालथा घातला,
आणि कोपऱ्यांपासून आत
वीस वीस आकडे मोजत दाबत आले
(सतराला कुकरची शिट्टी झाली, पुन्हा एकपासून).

गरम असताना सोलायचा नाही.
पंख्याखाली ठेवून आपण दुसरं काही करायचं.
मला हेच जमत नाही.
तेजल तर दर मिनिटाला कोपऱ्यात नख घालून बघत होती.

सोलला.
उजेड आला होता. गोण आली होती, टाके मोजता येतील अशी.
आणि अक्षरं
सगळी पाठ फिरवून उभी.
काने आपल्या ब च्या आधी येऊन बसलेले,
मात्रा भलतीकडे झुकलेली.
पोरगी रडायच्या बेतात.
पाकिटात पाचच कागद, जांभळी नाक्यावरून आणलेले,
शाळेच्या प्रदर्शनाला पिशव्या चार,
म्हणजे चुकायला एकच शिल्लक होता
आणि तो मी वापरला.

तेवढ्यात हे आले. दोन वाजले होते.
गोणीचा हूक खिळ्याला अडकवला, पाय धुतले,
ओल्या पावलांनीच ओट्याशी थांबले.
अक्षरांकडे बघितलंच नाही.

"पोरीनं वळखलं कसं?"
काय?
"डावा खांदा."

उजव्यावर म्हणे दोन वर्षं वजन घेत नाहीत.
घेतलं की बोटांपर्यंत मुंग्या.
टोळीत कुणाला ठाऊक नाही,
मुकादमाला तर नाहीच नाही.
"हिला कुठनं दिसलं?"

तेजलनं तोंड उघडलं.
मी तिच्याकडे बघितलं.
तिनं मिटलं.

रोज रात्री बाम मी चोळते.
उजव्यालाच चोळते.
ओझ्यानं दुखतो, असं धरून चालले होते,
विचारलं कधीच नाही.

"ही इकू नको," म्हणाले, आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात "मिरर" तीनदा म्हणाले,
मुलगा हसला.
चारही पिशव्यांवर अक्षरं सुलट,
गोण उजव्या खांद्यावर,
तेजलनं काढली तशी.
बाईंनी पाठीवर थाप दिली. त्या चार गेल्या.

पहिलीत ह्यांचा डबा जातो.
तिसऱ्या दिवशी बटाट्याची माती लागून आली.
अशी पिशवी आतली बाजू बाहेर करून धुवायची,
थंड पाण्यात, ब्रश न लावता,
पिळायची तर मुळीच नाही.
खिडकीच्या गजाला दोन चिमटे लावून टांगली.

मांजरपाट पातळ. ऊन पलीकडून आलं
आणि कापडाच्या पाठीवर पुसट,
पण वाचता येईल इतकं,
माझे बाबा.
गोण उजवीकडे.

हे आत झोपले होते, डाव्या कुशीवर.
पुरती वाळली नव्हती तरी काढली,
आणि ते उठायच्या आत
उलटून ठेवली.