लाल आलं का?

पत्ता नेहमी असाच:
हरेश्वर नाखवा, चेंदणी कोळीवाडा, ठाणा, इंडिया.
गावाच्या पाट्या बदलून ठाणे झाल्या,
गेन्नादीच्या वहीत ते ठाणाच राहिलं.

कार्ड यायचं मार्चच्या शेवटी, कधी एप्रिलात,
एकदा तर आगोटीची खरेदी चालू असताना.
पोस्टमन शिर्के गल्लीच्या तोंडावरूनच ओरडायचा,
नाखवा, तुमचं लाल आलं!

लाल म्हणजे पाच टोकांचा तारा,
खाली तीन कार्नेशन,
मागे करड्या समुद्रावर करडी बोट
आणि सोनेरी आकड्यांत तेवीस फेब्रुवारी.
पाठीवर किंमत छापलेली: तीन कोपेक.
लहानपणी मला वाटायचं
मैत्रीचा काहीतरी सरकारी दर असतो.

अक्षरं बाबांनीच शिकवली.
हा दिसतो पी, पण वाचायचा र.
हा एच नाही, न आहे.
बी म्हणजे व.
कुणाच्या अंगावर कुणाचे कपडे,
मी ओळखायला शिकले त्या कार्डांवर.

बहात्तर साली नौदलाने त्यांना व्लादिवोस्तोकला धाडलं,
पाणबुडीचं डिझेल इंजिन शिकायला.
गेन्नादी शिकवणारा.
त्याची दोन बोटं कुठल्याशा व्हॉल्व्हने नेलेली,
आठच्या पुढे मोजायचं झालं
की तो बाबांचा हात ओढून घ्यायचा.

त्यानेच सांगितलं होतं, इंजिनाच्या आवाजाआड,
की तेवीस तारखेला खास काही जिंकलंबिंकलं नव्हतं.
सैन्याचा हुकूम निघाला अठरा सालच्या जानेवारीत.
पुढच्या वर्षी वाढदिवस करायचं ठरलं
तर कागद उशिरा पोचला.
मग म्हणाले, भेटवस्तूंचा एक दिवस आहेच, त्यालाच जोडू.
तो आला सोमवारी.
सोमवारी माणसांना कामं असतात.
ढकलला पुढच्या रविवारवर,
आणि त्या रविवारी तेवीस तारीख होती.
लढाई नंतर शोधली, तारखेच्या मापाची.

हे सांगून बाबा हसायचे,
आपली नारळी पुनव बरी,
चंद्राच्या हाताखाली कारकून नाही.

पत्रात मजकूर थोडाच.
बायकोने मोजे दिले.
यंदाही मोजे.
या वर्षी मोजे, आणि दाढीचा साबण.
बाबांनी एकदा सुके बोंबील पाठवले,
उत्तर आलं: पार्सल मिळालं, वास दोन दिवस आधीच मिळाला होता.

मग त्यांचा देश बदलला,
दिवसाचं नाव बदललं, सैन्याचा होता
तो पितृभूमीच्या रक्षकांचा झाला.
कोपेक गेले. कार्डं गुळगुळीत झाली,
कार्नेशनच्या देठाला काळ्या-नारिंगी पट्ट्यांची फीत.
तेवीस मात्र तेवीसच.

दोन हजार नऊचं कार्ड हाताने काढलेलं.
नातू, ल्योशा, वय सहा.
हिरवा रणगाडा. त्याला खिडकी,
खिडकीला ठिपक्यांचा पडदा.
खाली गेन्नादीची ओळ:
आत कोण राहतं विचारलं, तर म्हणाला, आजी.

गेन्नादी गेला तरी ल्योशा पाठवत राहिला,
दोन ओळी, आजोबांचीच पद्धत, उशीरसुद्धा तोच.
गेली तीन वर्षं काही नाही.
मी वयाचा हिशेब करते
आणि बाबांना सांगत नाही.
ते ब्याऐंशीचे, एप्रिलात ओटीवर बसतात
नायलॉनचं जाळं मांडीवर घेऊन,
ज्याची आता कुणाला गरज नाही.
लाल आलं का?
नाही बाबा.

काल जांभळी नाक्यावरून एक कोरं कार्ड आणलं.
त्यांच्या अक्षरांत नाव लिहिलं, जुना पत्ता लिहिला,
आणि अडले.
तो कुठे असेल, कुणाच्या अंगणात, कुठल्या कपड्यांत,
मी त्याला कसल्या शुभेच्छा देऊ?
हा दिवस कसा लिहू?

बाबांनी दातांनी दोरा तोडला.
रविवार लिही, म्हणाले,
आणि मघाची गाठ
पुन्हा उसवायला घेतली.