तीन कॉर्नर

रविवारी उजाडायच्या आत मी फक्की टाकायला उतरतो.
घमेलं, सुतळी, दोन खुंट्या,
आणि पिशवीत क्लबचं रजिस्टर;
घरात ठेवलं की त्याला वाळवी लागते.

करावे गाव, खाडीच्या अंगाला.
पहिलं पान एकाहत्तरचं:
'बंद पडलेल्या आगरात चेंडू चालतो का ते पाहिले.
चालतो.'
खाली सात सह्या, चार अंगठे.

जमीन तेव्हा चावायची.
गुडघा फुटला तर जखमेवर मीठ चोळायला
वेगळा माणूस लागत नसे.

मग हसुराम केणी बोटीवरून परतला, चौदा महिन्यांनी.
ट्रंकेत एक शर्ट:
डावा अर्धा काळा, उजवा पिवळा, पाठीवर सहा.
म्हणाला, ब्राझीलला एक नदी आहे, मुखाशी दर्याएवढी,
तिथल्या हमालांचा हा क्लब.
मोठ्या क्लबच्या फाटकातून त्यांना आत घेत नसत,
म्हणून त्यांनी गोण्या उसवून गोलाची जाळी विणली,
डांबराकडून काळा घेतला
आणि हळदीच्या जातीच्या कुठल्याशा मुळाकडून पिवळा.
क्लबचं नाव तो दर वेळी निराळं सांगायचा,
आमच्या जिभेवर ते बसलंच नाही.
पण हमाल कळले. गोणी कळली.
फाटक तर न सांगता कळलं.

धाकूबाईनं अकरा शर्ट शिवले,
काळं कापड छत्र्यांचं,
पिवळं कुणाच्या तरी हळदीच्या मांडवाचं.
बेलापूरची पोरं हसली: 'टॅक्सी आली रं, मीटर टाक!'
शेवटच्या मिनिटाला पदाजीनं डोक्यानं गोल घातला
तेव्हा बांधावरून अख्खं गाव ओरडलं,
'भाडं काढ!'
अजून ओरडतं. नवीन पोरांना
का ते माहीत नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीचं पान जवळजवळ कोरं.
'सामना नाही. सगळे जासईला.'
पुढच्या पानावर अक्षर बदललेलं,
गोलकीपरच्या नावापुढे शेरा: 'पाय बरा होईपर्यंत नाही.'
ते 'होईपर्यंत' अजून संपलेलं नाही.
तो ओट्यावर बसून स्कोअर विचारतो.

नंतर आगराचा प्लॉट झाला, प्लॉटला नंबर आला,
नंबरावर इमारत.
आमच्या वाट्याला जे उरलं त्याला तीन कॉर्नर.
चौथ्यावर वॉचमनची केबिन.
तिकडून कॉर्नर मिळाला तर सहा पावलं आतून मारायचा,
असा आमचा नियम; पाहुणे कुरकुरतात.
कुरकुरू देत. त्या सहा पावलांतून
आम्ही गेल्या वर्षी नऊ गोल केले.

हसुराम गेला त्याच्या आदल्या महिन्यात,
नेरुळच्या दवाखान्यात, सुई लावलेला हात न हलवता म्हणाला,
'मी त्या गावान उतरलूच नय रं.
बोट नांगरावर व्हती.
बाजूच्या बोटीवरचा येक पोर,
त्याला पावशेर सोडं दिलं,
त्यानं आंगानचा काढून दिला.
हमाल, गोणी... त्या मी वाटंन जुळवला.
चौदा महिनं व्हतं ना.'

मी रजिस्टर उघडलं, मिटलं.
लिहायचं तरी कुठल्या तारखेखाली?
घरी येऊन सोड्यांचं कालवण खाल्लं
आणि हसू आलं, ठसका लागेपर्यंत.
तिकडे कुणी म्हातारा नातवाला सांगत असेल का,
की एका गावात झिंगे सोन्याच्या भावानं विकतात?

आताचा कॅप्टन इमॅन्युएल. सेक्टरातला,
आई नर्स, कोट्टायमची.
'भाडं काढ' मात्र आमच्याच हेलात ओरडतो.
आज लवकर आला, बूट हातात.
'काका, ती ब्राझीलची गोष्ट खरी आहे?'

केबिनच्या पायरीपर्यंत फक्की गेली होती.
वॉचमन चहा पीत दुसरीकडे बघत होता.
'फाटकाची खरी,' मी म्हणालो,
आणि सुतळीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.
'ताणून धर. वाकडी जाते.'