सीटची उंची

सूरच्या सनाइयात, मे महिन्यातल्या दुपारी,
पिकअपमधून उतरवली ती:
एक्याऐंशी सालची यामाहा,
खजुराच्या झावळ्यांखाली चाळीस वर्षं उभी.
टायरला हात लावला तर रबर
पापडासारखं मोडलं.
मोझाबाई म्हणाल्या, भावाची आहे.
तो मस्कतला असतो, गुडघे गेलेत त्याचे.
चालू होते का तेवढं बघ.

मी म्हटलं, बघतो.
बावीस वर्षं हेच म्हणत आलोय इथे,
आणि बहुतेक वेळा खरंच बघतो.

सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं घर निघालं,
पाच खोल्यांचं, सगळ्या रिकाम्या.
पिस्टन जागचा हलेना.
वरून डिझेल आणि गिअर ऑइल ओतून ठेवलं नऊ दिवस.
रोज चहाआधी किकवर पाय ठेवायचा,
जोर करायचा नाही,
रुसलेल्या माणसाशेजारी नुसतं बसावं तसं.
दहाव्या दिवशी केसभर हलला.
मोतालेब असा ओरडला
की गावी त्याला मुलगा झाला असं वाटावं.

टाकीचा पत्रा पातळ, ॲसिडने भोक पडलं असतं.
ट्रंकेतली आमसुलं काढली,
बायकोने दाभोळहून दिलेली.
भिजवून आत ओतली, सोबत सायकलची जुनी चेन,
आणि दोघांनी मिळून टाकी घुसळली.
लाल पाणी आलं, मग काळं,
मग पुन्हा लाल, मग एकदाचं नितळ.
त्या महिन्यात सोलकढी नाही.

सीट उसवली आणि थांबलो.
आतला फोम खाल्लेला.
आधी वाटलं उंदराचं काम,
पण कड सुरीची होती,
चार बोटं खोल, वाकडीतिकडी,
कुणीतरी घाईत, कमी उजेडात कापलेली.
मग मागची स्प्रिंग पाहिली, पार शेवटच्या खाचेत सोडलेली.
गिअरचा दांडा मागे वाकवलेला,
लहान पावलाला पुरेल इतका.
क्लचच्या लिव्हरला चिंधी,
निळ्या फुलांची, ग्रीसखालीसुद्धा निळी.

भावाचा फोटो त्यांनीच दाखवला होता मोबाइलवर.
उंटासारखा उंच माणूस,
दारातून वाकून बाहेर येणारा.

मी पाना खाली ठेवला
आणि हात उगाच पुसत राहिलो.

दुबईहून नवा फोम आला, कंपनीच्या मापाचा.
बसवू, मोतालेबने विचारलं.
थांब म्हटलं.
जुना वर ठेवून मार्करने रेघ ओढली,
पावाच्या सुरीने नवा कापला, तेवढाच वाकडा.
दांडा सरळ केला नाही.
चिंधी धुतली, वाळवली, परत गुंडाळली.

रात्री फोनवर बायकोला सांगितलं सगळं.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, माझी लुना अजून आहे पडवीत.
तुमच्या भावाने खुराडं केलंय तिचं.
ती लुना चालवायची,
हे मी पार विसरून गेलो होतो.

जूनअखेर मोझाबाई आल्या, जावयासोबत.
जावयाने सात किका मारल्या,
पांढरा कंदुरा घामाने पाठीला चिकटला.
चोक अर्धा, त्या म्हणाल्या. पूर्ण नाही.
मग त्याला दोन बोटांनी बाजूला सारलं,
अबाया आवरून बसल्या,
किक हळूच दाबत अडते तिथवर नेली,
थांबल्या,
पाय वर घेतला,
आणि एकदाच.

निळा धूर, जळक्या तेलाचा, अख्ख्या गल्लीत.
पलीकडचे वेल्डर मुखवटे वर करून बाहेर आले.
जावई बघतच राहिला.
त्यांच्या दोन्ही चपला जमिनीला
पूर्ण टेकल्या होत्या, टाचांसकट.
त्यांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे.
मी मोतालेबला म्हटलं,
पुढच्या टायरची हवा बघ.

बिलातले पाच रियाल भांडून कमी करून घेतले त्यांनी.
फोमचे मी लावलेच नव्हते.