हाताला वळण

राजेशमनं मागवला होता बँजो,
पार्टीसाठी, गणपतीच्या आधी, मोबाईलवर सूट बघून.
खोकं फोडलं तर आत
चामडं ताणलेलं ताट, त्याला लांब मान, पाच खुंट्या.
'बटणं कुठंयत बे याला?'
अशोक चौकातली पोरं हसून हसून वाकली.
परत घेईनात ते लोक.
मग अर्ध्या किमतीत माझ्याकडं आला, महिना पाचशेनं,
आणि खोक्याच्या तळाशी निघालेलं पुस्तक फुकट.

पुस्तक इंग्रजी. माझं इंग्रजी
चादरीच्या लेबलापुरतं.
पण पान सातवर पाच रेघा, रेघांवर आकडे,
ते बघून मी सावरून बसलो.
एकवीस वर्षं जकार्डचा ग्राफ वाचतोय,
कुठल्या चौकटीत मोर, कुठं नुसती जमीन.
हे येईल मला.

ब्लूग्रास म्हणजे निळं गवत, अंबुजा म्हणाली.
इथं हिरव्याचेच वांधे.
'पप्पा, मोबाईलवर ऐका की, दोन मिनिटांत कळेल.'
नको म्हटलं. ग्राफवरची चादर तरी
मागावरनं उतरल्याशिवाय
पुरी कुठं दिसते?

पाचवी तार गमतीची.
बाकी चौघी टोकापासून येतात,
ही मधेच खुंटी ठोकून बसलेली,
अक्षता पडल्यावर पोचलेल्या मावशीसारखी,
आणि आवाज तिचाच सगळ्यांच्या वर.

अंगठ्याला प्लॅस्टिकचं नख, दोन बोटांना पत्र्याची.
अंगठा, पहिलं, मधलं. अंगठा, पहिलं, मधलं.
आठ आकडे, की परत सुरुवात.
रात्रपाळी करून आलो की तास-दीड तास,
आणि दर वेळी सहाव्या आकड्यावर
बोटात बोट.
तुटलेल्या ताण्याला डोळे मिटून गाठ मारणारा मी,
इथं माझाच गुंता.
शेजारच्या चिप्पांनी विचारलं, मांजर आणलंय का.

पानाच्या खाली लिहिलेलं: रोल. रोज रोल.
अंबुजानं डिक्शनरी काढली.
'रोल म्हणजे गुंडाळणे. लाटणे. वळणे.'

नरसम्मा उंबऱ्याशी, मांडीवर सूप.
मान वर न करता म्हणाली,
'वळणे? मग मला विचारायचं.'

मी बघत बसलो.
लग्नाला सव्वीस वर्षं, पहिल्यांदा नीट बघत बसलो:
भिजलेलं पान, चिमूटभर तंबाखू,
अंगठा, पहिलं, मधलं,
पान फिरलं, तोंड दुमडलं, दोऱ्याचे दोन वेढे, सुपात.
पुढचं पान.
दिवसाला हजार. बोलता बोलता, भांडता भांडता,
एकदा एकशे तीन ताप असताना,
एकदा अंबुजा पोटात, नववा महिना.

'तुम्ही बोटं मोजताय,' ती म्हणाली,
'बोटं मोजली की पान फाटतं.
कट्टा मोजायचा, पंचवीसचा.
बोटांचं बोटं बघतात.'
तेलुगूत म्हणाली. मराठीत ते एवढं छोटं होत नाही.

तेवढ्यात वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प.
इतकं गप्प, की तिच्या कात्रीनं पान कापल्याचं ऐकू आलं.
पुस्तक दिसत नव्हतं. मी तसाच लागलो वळायला.
आठ, परत आठ,
मधनं मधनं ती मावशी वरच्या आवाजात काहीतरी सांगते,
सहावा आकडा कुठं गेला
विचारलंच नाही.

किती कट्टे झाले कोण जाणे.
'बरंय,' अंधारातनं आवाज आला,
'पण छाट लई.'

कारखान्यात रोज तिच्या तीस-चाळीस
छाट म्हणून बाजूला काढतात. पैसे कापतात,
विड्या मात्र ठेवून घेतात.

वीज आली, माग धडधडायला लागले.
मी पान उलटलं. आठ.
इथं वर काहीतरी मोठं लिहिलंय, खाली रेघ मारून.
अंबुजा झोपली. उद्या विचारतो.